तुईयाचा उष्टा पेरू

त्या दिवसांत आमच्या घरात पेरू आला की तो आधी पाखराला मिळायचा. पाखरानं चोच मारली, थोडा खाल्ला, थोडा खाली सांडला, की माय तो पिंजऱ्यातून काढायची, पदराला पुसायची आणि नंदाच्या हातात द्यायची. मी थोरली असून मला शेवटी, आणि तोही साधा, चोच न लागलेला. मला त्याचा लय राग यायचा. पेरूला काही तोटा नव्हता, मागच्या दारी झाड वाकलेलं असायचं. पण पाखरानं चोच मारलेला पेरू गोड असतो असं सगळे म्हणायचे आणि तो माझ्या वाट्याला कधी आला नाही. एकदा मी चोरून एक चावा घ्यायला गेले तर मायनं हातावर फटका मारला. "ते काय चवीचं खाणं हाय का? इलाज हाय तो," म्हणाली.

इलाज नंदाच्या जिभेवर चालू होता. नंदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून बरीच लहान. गुटगुटीत, हसरी, डोळे तर असे की घरात कुणाचं काय हरवलंय हे तिला आधी कळायचं. फक्त बोलायची नाही. तोंडातून आवाज निघायचे, त्यांचे शब्द व्हायचे नाहीत. कुणी विचारलं की माय म्हणायची, "जीभ जड हाय तिची, येईल वळणावर." आणि हे सगळ्या गावाला पटायचं. तिला ऐकूच येत नसेल अशी शंका घेणारा एकही माणूस आमच्या गावात निघाला नाही, कारण ती तसं वागायचीच नाही. संध्याकाळची एसटी वेशीत शिरली की घरातल्या सगळ्यांच्या आधी ही ओसरीवर पळायची. दाराची लाकडी चौकट धरून उभं राहायची तिला सवय होती. गाडी आली की ती चौकट थरथरते, हे आम्हाला कशाला कळणार? माय भाकरी थापायला बसली की ही शेजारी बसून काठवटीच्या कडेवर तळहात ठेवायची. भाकरीच्या थापेबरोबर हिचे डोळे मिटायचे. अण्णा बातम्या ऐकायला लागले की ही रेडिओला गाल लावून बसायची. "बघा, कशी ऐकायली," असं माय कौतुकानं म्हणायची. आज लिहिताना हे सगळं लख्ख दिसतं आणि स्वतःच्या घराचा संताप येतो. इतकी माणसं तिच्याभोवती होती, सगळ्यांना दोन दोन धड कान होते.

आमचं गाव चारठाण्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गावातल्या शाळेत मास्तर होते. घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी, मागं पेरूचं झाड आणि हौद. खाणं ज्वारीच्या भाकरीचं, त्यावर येसराची आमटी नाहीतर अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. संक्रांतीला आत्या, अण्णांची थोरली बहीण, जिंतूरहून यायची आणि चार दिवस राहून घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सुनावून जायची. त्या वर्षी तिनं मायला सुनावलं. "वयनी, पोरीला पोपटाचं उष्टं चारलंव का कधी? आमच्या गल्लीतल्या एकाचं पोरगं पाच वर्षं मुकं होतं. पोपटाचं उष्टं चारलं आन आता त्याचं तोंड बंद व्हत न्हाई." अण्णा तिथंच वही तपासत होते. ते म्हणाले, "असं काही नसतंय, अक्का. दिवाळीच्या सुट्टीत परभणीला दवाखान्यात दाखवू." दिवाळीची सुट्टी तोपर्यंत दोनदा येऊन गेली होती. आत्यानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मायनं मात्र त्या दिवसापासून पोपटाचा ध्यास घेतला.

पाखरू आणलं गोविंदमामानं. तो मायचा धाकटा भाऊ, डोंगरातल्या गावी शेती करायचा. त्याच्या बांधावर एक जुनं मोहाचं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत दर वर्षी पोपटांची वीण व्हायची. चैत्रात तो एका टोपलीत कडुनिंबाचा पाला घालून त्यात पिल्लू घेऊन आला. अंगावर अर्धी पिसं, अर्धी खुट्टं, डोकं हिरवं, पोट सुटलेलं. "राघू हाय," म्हणाला, "सहा महिन्यात बोलायला लागतंय. ढोलीत चार होते, मी एकच काढला." आणि मग चहा पिता पिता सहज बोलल्यासारखं बोलला, "ह्याचे मायबाप नाल्यापोत्तर मागं आले ओरडत." मायचा हात कपावर थांबलेला मला आठवतो. पण पिल्लू घरात राहिलं. आज असं पाखरू पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो आहे हेच बरं आहे.

मायनं त्याला भिजवलेल्या डाळीचा भरडा बोटानं भरवला. मोठं झालं तसं ते ज्वारीचं कणीस डाव्या पायात धरून, एक डोळा आपल्याकडं ठेवून दाणा दाणा सोलायचं. निम्मं खायचं, निम्मं उधळायचं. जंगलातलं पाखरू असंच खातं, हे मी पुष्कळ पुढं वाचलं. तेव्हा आम्ही त्याला माजोरं म्हणायचो. शेपूट लांब निळं, टोकाला पांढरा ठिपका. झोपताना एक पाय पोटात घ्यायचं. आणि आवाज! आत्याच्या गल्लीतल्या राघूसारखा कर्कश नाही, बारीक, वर चढत जाणारा, कुणीतरी काहीतरी विचारावं तसा. टुई? सकाळी डोंगराकडून असलेच थवे ज्वारीवर उतरायचे, गोळी सुटावी तशा वेगानं, आणि वरून जाताना सगळे तेच विचारत जायचे. पिंजऱ्यातलं पाखरू मान वर करून उत्तर द्यायचं. मामानं त्याचे पंख कातरून दिले होते, म्हणून नंदा त्याला दुपारी पिंजऱ्यातून काढून ओसरीवर खेळवायची. ते तिच्या खांद्यावर बसून तिच्या कानाशी तोंड नेऊन तासन्‌तास बोलत राहायचं. माय हे बघून डोळे पुसायची. "पाखरू तिला शिकवायलंय," म्हणायची.

संध्याकाळी अण्णांची शिकवणी असायची. एकीकडं पिंजरा, एकीकडं नंदा, मध्ये अण्णा मांडी घालून. दवाखान्यात नेणं त्यांना झालं नव्हतं, पण शिकवणं हा त्यांचा धंदाच होता. "म्हण, नंदा. नं-दा." पाखरू मान वाकडी करायचं. नंदाही मान वाकडी करायची. तिला अण्णांचं तोंड बघायला आवडायचं, ते तोंड हलवायचे तसं ती हलवायची, ओठ अगदी बरोबर, आवाज नाही. अण्णा म्हणायचे, "येतंय, येतंय. मोठ्यानं." पाखरू म्हणायचं, टुई? असं दोन वर्षं चाललं. दोघांनाही एक शब्द आला नाही, आणि अण्णांनी एक दिवस शिकवणी चुकवली नाही. मला तेव्हा हसू यायचं, आता येत नाही.

पुढं अण्णांनी तिला आपल्याच पहिलीच्या वर्गात बसवलं. हजेरी घेताना ते तिचं नाव पुकारायचे आणि थांबायचे. शेजारची पोर तिला कोपरानं ढोसायची, मग नंदा हात वर करायची. एकदा ती शेजारीण आली नव्हती. अण्णांनी नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, आणि बापाच्या वर्गात पोरगी मुजोर झाली असं गाव म्हणू नये म्हणून त्यांनी तिच्या हातावर छडी मारली. मी वरच्या वर्गात होते, मधे नुसती फळी होती, मला आवाज आला. घरी येऊन ती पिंजऱ्यापुढं बसली आणि तळहात पाखराला दाखवत राहिली. अण्णा जेवले नाहीत. माणूस वाईट नव्हता हो. पण वाईट नसणं पोरीच्या काय कामाला आलं?

पाखराचं डोकं बदलतंय हे आधी नंदानं पाहिलं. पाऊसकाळ संपत आला होता. ती माझा हात धरून ओढत पिंजऱ्यापाशी घेऊन गेली, मायच्या कुंकवाच्या डबीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळावरून थेट डोक्यावर मागं ओढलं. मी वाकून बघितलं तर हिरव्या डोक्यात दोन-चार जांभळट लाल पिसं. दिवाळीपर्यंत सगळं डोकं पिकल्या जांभळाच्या रंगाचं झालं, गळ्याशी काळी रेघ आली. तिथून पुढं नंदाची त्या पाखरासाठीची खूण तीच झाली, कपाळावरून मागं एक बोट. भाऊबीजेला मामा आला, पिंजऱ्यात डोकावला आणि कपाळाला हात लावून बसला. "अगं माय, हा राघू न्हाई. तुईया हाय. पिल्लं सारखीच दिसतेत, मला काय म्हाईत. ही जंगली जात, बोलत न्हाई. सोडून दे त्याला. नवे पंख फुटले की जाईल डोंगरात." आत्याही होती. ती म्हणाली, "मंग त्याच्या उष्ट्याचा काय उपेग? न बोलणाऱ्याचं उष्टं खाऊन पोरगी बोलंल कशी?"

सगळे मायकडं बघायला लागले. माय अनारसे तळत होती. तिनं झारा खाली ठेवला नाही. "असू द्या," म्हणाली. "दोन वर्षं खाल्लंय पोरीनं. आता मधीच कसं सोडायचं?" अण्णा म्हणाले, "अगं, पण..." आणि तेही पुढं काही बोलले नाहीत, कारण पुढं बोलायचं तर दवाखान्याचं बोलावं लागलं असतं. मामानं जाताना पंख पुन्हा कातरले. त्या दिवशी पाखरू सोडलं असतं आणि पोरीला एसटीत बसवून परभणीला नेलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी आयुष्यभर मांडत आले. काही म्हणून हाती लागत नाही.

फाल्गुन होता. डोंगर पळसानं पेटला होता आणि रंगपंचमीसाठी आम्ही टोपलीभर फुलं आणली होती. दुपारी नंदा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पाकळ्या खुडत बसली होती. तिच्या पाठीशी, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, उघड्या पिंजऱ्यावर तुईया बसला होता. माय आत भाकरी करत होती, मी हौदावर कपडे धूत होते. आणि पाखरू ओरडलं. तसा आवाज त्यानं कधीच काढला नव्हता. विचारणं नाही, नुसतं ओरडणं, एकसारखं. मी पिळे टाकून पळाले. माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. शेजारच्या गंगाकाकूसुद्धा आपल्या दारातून धावल्या. बोक्यानं पाखराला पंखाला धरलं होतं, ते पायानं पिंजरा धरून ओरडत होतं. नंदा पाकळ्या खुडत होती.

बोका कुडावरून उडी मारून गेला. मी त्याच्यामागं पळाले, माय पळाली नाही. मी परत आले तेव्हा ती नंदाच्या पाठीमागं उभी होती. तिनं हाक मारली, "नंदे." मग मोठ्यानं. मग दोन्ही हातांनी टाळी वाजवली, हाताचं पीठ उडून पोरीच्या केसांवर पडलं, तरी पोरगी मान खाली घालून आपली पाकळ्या खुडतेय. माय तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास यायला लागला, पण कुणी उठलं नाही. केसांवरचं पीठ झटकायला म्हणून नंदानं मान वळवली, तेव्हा तिला आधी माय दिसली, मग रिकामा पिंजरा, मग खाली पडलेली निळी पिसं. आणि ती ओरडली. भरदार, खणखणीत आवाज, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. गंगाकाकू हळूच म्हणाल्या, "जीभ कुठं जड हाय हो हिची?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शाळेला रजा टाकली आणि आम्ही चौघं परभणीला गेलो. डॉक्टरांनी नंदाला पाठमोरी बसवून घंटी वाजवली, आणखी काय काय केलं, आणि सांगितलं की पोरीला जन्मापासूनच ऐकू येत नाही. माणूस सज्जन होता, पण त्याला राग आवरला नाही. "मास्तर असून इतकी वर्षं काय केलंत?" मायनं उत्तर दिलं. म्हणाली, "पेरू चारले."

लवकर आणली असती तर लहानपणीच शिकवता आलं असतं, कानाच्या यंत्राचाही उपयोग झाला असता, असं ते म्हणाले. नंदा लांबच्या निवासी शाळेत गेली, तिच्याहून बऱ्याच लहान पोरांबरोबर बसून शिकली. हातांची भाषा शिकली, ओठ वाचायला शिकली, थोडं बोलायलाही, सपाट, चढउतार नसलेलं. शिवणकाम शिकली, लग्न झालं, मुलं झाली. संसार चांगला केला तिनं. पण असल्या डोळ्यांची पोरगी वेळेवर शिकली असती तर कुठं गेली असती, हे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. अण्णांनी त्यानंतर हजेरी तोंडानं घेतली नाही, वर्गात फिरून प्रत्येकाकडं बघून घ्यायचे. आणि मायनं मला पिंजऱ्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, "पाखरू ओरडलं होतं हे तिला कधी सांगू नको. जवळ बसून वाचवता आलं न्हाई असं आयुष्यभर वाटंल तिला. गुपचूप नेलं म्हणावं." माय जाईपर्यंत दर खेपेला ती शपथेची आठवण करून द्यायची. मी पाळली.

मागच्या पौषात मामाच्या नातवानं हुरड्याला बोलावलं. मी हल्ली सेलूला असते. नंदा परभणीहून आली, तिच्या मुलानं गाडी काढली, देवगाव फाट्यावर आम्ही पेरू घेतले. मामाच्या बांधावरचं मोहाचं झाड आता नाही. आजूबाजूला सगळं सोयाबीन निघालेलं, हरभरा उभा, ज्वारी फक्त हुरड्यापुरती एका तुकड्यात. पोरं हुरडा भाजायच्या आगटीपाशी गप्पा मारत होती आणि आम्ही दोघी बाजेवर बसलो होतो. एकाएकी नंदानं माझा दंड धरला आणि कपाळावरून मागं बोट ओढलं. मी बघितलं. कणसांवर पाच-सहा तुईये उलटे-सुलटे लटकून खात होते, एकाचं डोकं जांभळं, बाकीच्या माद्यांची राखाडी. मग ते उडाले, आमच्या डोक्यावरून गेले, चोची उघडताना दिसल्या. मला काही ऐकू आलं नाही. म्हातारपणी माझे कान गेलेत. यंत्र घालते, पण बारीक आवाज त्यातूनही येत नाहीत.

नंदानं माझ्या कानाकडं बोट करून विचारलं, आला का? मी मान हलवली, नाही. तिला आधी खरं वाटेना, मग ती हसली, आणि हसता हसता थांबली. तिनं बोटांनी गालावर बोक्याच्या मिशा काढल्या, कपाळावरून बोट मागं नेलं, तोंड उघडून दाखवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवशी ओरडलं होतं का? इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मला मायची शपथ आठवली. मी ओठ नीट हलवून म्हणाले, "न्हाई. गुपचूप नेलं."

नंदानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तिनं दोन्ही हातांनी हवेत भाकरी थापली, ही आमची मायची खूण. ते हात पुढं धरून, पीठ लागलेल्या हातांनी पळत येणारी माय करून दाखवली. मग मला पळताना दाखवलं, ओल्या हातांनी. मग गंगाकाकू, आपल्या घरातून. आणि मग तिच्या त्या सपाट आवाजात, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "मग. तुमी. सगळे. का पळाले?"

मी हातांनीच विचारलं, कधीपासून माहीत आहे? तिनं सांगितलं, शाळेत गेल्यावर कळलं, पाखरं ओरडतात म्हणून. मग सगळं जुळलं. मायला का नाही सांगितलंस? तिनं पुन्हा हवेत भाकरी थापली आणि डोळ्यांखालून बोट खाली ओढलं. माय रडली असती.

माझ्याच डोळ्यांना धार लागली आणि ती थांबेना. नंदानं थोडा वेळ मला रडू दिलं. मग पिशवीतून एक पेरू काढला, त्याचा मोठा चावा घेतला, चावलेली बाजू माझ्याकडं करून पुढं धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या कानाला लावलं. पेरू कच्चा होता. मी तो सगळा खाल्ला.